धुळे ते नरडाणा, व्हाया जळगाव

धुळ्याहून नरडाणा महामार्गाने तासाभरात येतं. रेल्वेनेच जायचा हट्ट असेल, तर आधी उलट्या दिशेने चाळीसगाव, तिथून जळगाव, मग सुरत मार्गाने अमळनेर आणि शेवटी नरडाणा. अर्धा खान्देश फुकटात पाहून होतो! १९०० साली चाळीसगावहून आलेला फाटा धुळ्यात टेकला तो टेकलाच. मेमू जामदा, शिरूड, बोरविहीर घेत येते. मोहाडी प्रगणे लळिंग ही पाटी वाचून होईतो स्टेशन मागे पडतं. धुळे–नरडाणा मार्गाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर झालं. तो ज्याचा तुकडा, त्या मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राची मंजुरी सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर मिळाली. वक्तशीरपणा म्हणतात तो हाच. गाडी धावेल तेव्हा धावेल, तोवर भाऊ, नरडाण्याला एसटीनेच जा.