ऐकवणारा

संगीताच्या व्यवहारात गाणारा, साथ करणारा आणि ऐकणारा असे तीन घटक सर्वमान्य आहेत. चौथा घटक म्हणजे ऐकवणारा. तो गात नाही. ऐकतो असेही ठामपणे म्हणवत नाही, कारण गाणे चालू असताना त्याचे डोळे समोर बसलेल्या मित्राच्या चेहऱ्यावर खिळलेले असतात. स्वतःला आवडलेले गाणे दुसऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघाल्याशिवाय त्याला पचत नाही. पुण्यात ही जमात दाट आहे. गिरगाव, डोंबिवली, मिरज, फोंडा इथेही ती विपुल आढळते आणि न्यू जर्सीतल्या तळघरांतही तिने चांगला जम बसवला आहे.

ऐकवणाऱ्याची उपद्रवक्षमता यंत्राच्या क्षमतेबरोबर वाढत गेली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत आणि गाण्याच्या शेवटी त्या स्वतःच आपले नाव सांगत. ऐकवणाऱ्याला ओळख करून द्यायलाही वाव नव्हता. पुढे लाँगप्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटने एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे दिली, म्हणजे पाहुण्याची शेवटची बस चुकवण्याइतकी. मोबाइलला तर बाजूच नाही.

कॅसेटयुगाने मात्र त्याच्या कानावर एक कायमची खूण ठेवली. बडा ख्याल भरात आलेला असताना बाजू संपून ‘खट्’ असा आवाज होई. कॅसेट उलटून लावेपर्यंत चार-दोन आवर्तने हरवलेली असत. वर्षानुवर्षे ऐकून तो ‘खट्’ त्याच्या लेखी त्या रागाचा भाग झाला. त्याच मैफलीचे अखंड ध्वनिमुद्रण नंतर हाती लागले, तर त्या जागी त्याला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

बैठकीचे आमंत्रण नेहमी चहाचे असते. पाहुणा चहालाच येतो. दुपारी दोन वाजता दरबारी लावायचा असेल, तर ऐकवणारा खिडक्यांचे पडदे ओढून घेतो. रात्रीचा राग भर दुपारी ऐकण्याचे पाप तेवढ्याने फिटते, अशी त्याची समजूत आहे. मग ‘आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो’ असे म्हणून तो गायकाचे घराणे, गुरूशी झालेला बेबनाव आणि तबलजीच्या त्या दिवशीच्या तापाची हकीकत सांगतो. चहा गार होतो. अखेर तंबोरे सुरू होतात, आणि दोन मिनिटांत ऐकवणाऱ्याचा हात हवेत वर जातो.

हा हात या व्यक्तिविशेषाचे मुख्य लक्षण होय. ‘आता बघ हं, आता निषादावर असा काही थांबतो, की... गेली! गेली जागा!’ जागा त्याच्याच बोलण्याखाली दडपलेली असते. गाणे मागे घेतले जाते. दुसऱ्या खेपेस ‘आता मी काही बोलत नाही’ हे सांगण्यात ती पुन्हा जाते. तिसऱ्या खेपेपर्यंत पाहुण्याचे दडपण इतके वाढलेले असते, की तो निषादाच्या आधीच ‘वा!’ म्हणून मोकळा होतो. ऐकवणाऱ्याचा चेहरा पडतो. समेवर मान हलवणारा मित्र त्याला जिवलग वाटतो. आवर्तनाच्या मधेच ‘क्या बात है’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी नाट्यसंगीतच ऐकवले जाते. डोळे मिटून झोपी गेलेल्याची मात्र गणना जाणकारांत होते. घोरणे सुरू होईपर्यंत ही पदवी टिकते.

त्याच्या संग्रहातला मानाचा भाग म्हणजे खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे. बाजारात सहज मिळणारी कुमार गंधर्वांची तबकडी त्याला पुरेशी नसते. त्यांच्या एखाद्या दिवाणखान्यातल्या बैठकीची, पंख्याच्या घरघरीसकटची फीत हवी असते. ‘कुठे देऊ नकोस’ या अटीवर ती त्याला मिळालेली असते आणि त्याच अटीवर त्याने ती चाळीस जणांना दिलेली असते. अशा फितीत कुठेतरी कुणीतरी खोकतो, कुणीतरी ‘अहाहा’ म्हणतो. तो ‘अहाहा’ आपला, असा त्याचा दावा असतो. एकाच ‘अहाहा’चे तीन धनी एका शहरात सुखाने नांदतात. खोकल्यावर अद्याप कुणी हक्क सांगितलेला नाही.

प्रत्यक्ष मैफलीचा अनुभव वाटायची वेळ आली की ऐकवणाऱ्याला यंत्राचाही आधार लागत नाही. या बाबतीत पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाइतका भरवशाचा विषय दुसरा नाही. सवाई गंधर्वांचे १९५२ साली निधन झाल्यावर भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ तो सुरू केला. एके काळी तो रात्र-रात्र चाले. डिसेंबरची थंडी, सतरंजी टाकून धरलेली जागा, थर्मासातला चहा, फिरोज दस्तुरांना ‘गोपाला’ची फर्माईश, आणि समारोपाला खुद्द भीमसेन! पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आणले. रसिकांचे यात नुकसान झाले हे खरेच; पहाटेचा राग पहाटे ऐकण्याचे सुख त्यांना दुर्मीळ झाले. ऐकवणाऱ्याचे मात्र फावले. पहाटे चारच्या गाण्याबद्दल तो आता काहीही सांगू शकतो, आणि ऐकणारा तरुण त्या वेळी जन्मलेला नसतो.

त्याच्या कथनात ‘तू तिथे हवा होतास’ हे पालुपद असते. ते मित्राला टोचते. मित्र तिथे होता असे निघाल्यास ऐकवणाऱ्याला टोचते. तानेपाशी आल्यावर शब्द अपुरे पडतात आणि तो स्वतःच गाऊ लागतो. तीन सप्तकांतली ती तान त्याच्या गळ्यातून अर्ध्या सप्तकात, हातवाऱ्यांच्या साहाय्याने उतरते. आतून बायको ‘भाजी घेऊन येते’ म्हणून निघून जाते. तिला ती मैफल दिवसवारासह तोंडपाठ असते. ‘त्या दिवशी तुम्ही मध्यंतरातच घरी आला होतात’ हेही तिला आठवते, पण पाहुण्यांसमोर ती बोलत नाही.

मोबाइलने या व्यवहाराला गती दिली. मंडपात बसलेला ऐकवणारा मित्राला फोन लावतो आणि न बोलता तो वर धरतो. बसच्या गर्दीत उभ्या असलेल्या मित्राला गिरणी चालू असल्यासारखे काहीतरी ऐकू येते. चित्रीकरणास मनाई असल्याची सूचना झाल्यावर फोन खिशात जातो, बंद मात्र होत नाही. त्यातून निघालेल्या ध्वनिमुद्रणात मारवा अस्पष्ट आणि शेजाऱ्याने मागवलेले दोन वडे स्पष्ट असतात. घरी आल्यावर पावणेबाराला सव्वा तासाची लिंक मित्राला जाते. खाली ‘४७:१० पासून ऐक’ अशी सूचना असते. दोन निळ्या खुणा उमटल्यापासून पाचव्या मिनिटाला ‘कसं वाटलं?’ येते. ‘अप्रतिम’ एवढे उत्तर चालत नाही. त्यावर ‘नक्की कुठलं?’ असा उपप्रश्न येतो.

दोन ऐकवणारे एका खोलीत आल्यास दोघांचेही हात हवेत राहतात. एकाचे लावलेले गाणे चालू असताना दुसरा आपला पेनड्राइव्ह चाचपत बसतो आणि ‘तुझं झालं की माझं लावू’ असे सांगून ठेवतो. निघताना पेनड्राइव्हची अदलाबदल होते. दोघेही घरी जाऊन प्रथम आपण दिलेल्या गाण्यांविषयी निरोप आला का, ते पाहतात.