आधी झाड की आधी खड्डा?

आमच्या आणि काकींच्या परसामध्ये मोगली एरंडाचं कुंपण आहे. दर पावसाळ्यात ते वीतभर माझ्या बाजूला सरकतं, असं मी म्हणते. काकी म्हणतात, कुंपण जागेवरच आहे, तुझं घर सरकतं. एवढा एक वाद सोडला तर आमचं बरं चालतं.

परवा कपडे वाळत घालत होते, तर पलीकडून आवाज आला, "बाय, तुझी पोरगी मला मोबाइलवर दाखवत होती. दोन मुली चित्रावर सूप ओततात. खरं की बनावट?"

"खरं. लंडनमधलं आहे, 2022 च्या ऑक्टोबरातलं. व्हॅन गॉगची सूर्यफुलं. डब्यातलं टोमॅटो सूप भिरकावलं. वर काच होती म्हणून चित्र वाचलं."

"आणि सूप?"

"सूप गेलं."

"मग झालंच की नुकसान! पुढच्या वर्षी टोमॅटो भडकला तेव्हा मी दोन महिने आमटीत चिंच कोळून घातली. आणि ह्या बया भिंतीवर ओततात. कशापायी?"

सांगितलं, की त्यांना जमिनीतून नवं तेल काढायला बंदी हवी होती. शिवाय त्यातली एक म्हणाली होती, की इंधन इतकं महागलंय, गरिबाला सुपाचा डबा गरम करणंही परवडत नाही.

"हे मात्र शहाण्यासारखं बोलली. सिलिंडरचं मलाही कळतं. पुढे?"

"एकीला दोन वर्षांची शिक्षा, दुसरीला वीस महिन्यांची."

"अगं, काच होती ना?"

"चौकटीला इजा झाली म्हणून."

काकींनी हातातली केरसुणी खाली ठेवली. "लाकडाच्या चौकटीला दोन वर्षं! नाक्याच्या पुढच्या खड्ड्यात रिक्षा आपटली तेव्हापासून माझी कंबर धड नाही. माझ्या कमरेपायी कोण आत गेलं?"

भिवंडी-वाडा रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला याचं उत्तर देता येत नाही. मी विषय बदलला, आणि बदलताना चुकले, कारण भाच्याचं काढलं. माझा भाचा गोरेगावला असतो. 2019 साली तोही आरेला, मेट्रोच्या कारशेडपायी होणारी झाडतोड अडवायला गेला होता. चार ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. पोलिसांनी 29 जणांना अटक केली. कायद्याच्या एका विद्यार्थ्यानं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर सात तारखेला तोड थांबली. तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती.

"शुक्रवारी करवत, सोमवारी कोर्ट," काकी म्हणाल्या. "पण त्याला मेट्रोच नको होती का?"

"मेट्रो हवी होती हो. गाड्या उभ्या करायची जागा तेवढी दुसरीकडे न्या, एवढंच त्यांचं म्हणणं. एका सरकारनं ती कांजूरमार्गला नेली, पुढच्यानं 2022 मध्ये पुन्हा आरेत आणली. आता मेट्रो पार कफ परेडपर्यंत धावते."

"बसतो का तुझा भाचा तिच्यात?"

"रोज."

काकी इतक्या हसल्या की त्यांच्या गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. मला राग आला. झाड वाचवायला निघालेल्यानं आयुष्यभर पायीच जावं, असा काय नियम आहे? बिडीविरुद्ध बोलणाऱ्याला कधी कोणी विचारतं का, की चूल का पेटवतोस? त्याच जंगलात 27 आदिवासी पाडे आहेत. मुलं झाडांसोबत त्यांच्यासाठीही बोलत होती. हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

काकींनी ऐकून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बरं. मग गारगाईला कधी येतायत?"

काकींचं माहेर वाडा तालुक्यातलं. तिकडे ओगद्याजवळ गारगाईवर धरण बांधायचं आहे. रोज 440 दशलक्ष लिटर पाणी, सगळं मुंबईला. सहा गावं उठणार आणि तानसा अभयारण्यातली लाखांनी झाडं जाणार. मध्यंतरी एका सरकारनं ह्या झाडांपायीच ते बाजूला ठेवलं आणि मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करू म्हटलं. आता धरण पुन्हा पुढे सरकलंय. तानसाचं पाणी तर 1892 पासून मुंबईला जातंय. उन्हाळा लागला की तानसा आहे त्याच शहापूर तालुक्यातल्या बाया टँकरची वाट बघत बसतात.

"आरेतलं झाड मुंबईला खिडकीतून दिसतं," काकी म्हणाल्या. "आमचं झाड तिच्या नळातून दिसत नाही."

रात्री भाच्याला फोन केला. तो कधी नव्हे तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मावशी, पोस्टर टाकलं होतं आम्ही." हे मी काकींना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, तेव्हा कोथिंबीर निवडत बसले.

पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात दुसरंच काही होतं. "त्या लंडनवाल्या पोरींना एक विचार गं. त्यांच्याकडचे जुने टायर जातात कुठे?"

वाड्याकडे टायर वितळवून तेल काढायच्या भट्ट्या आहेत. 2025 च्या जानेवारीत एका भट्टीत स्फोट झाला आणि दोन बाया, दोन मुलं गेली. तिथं युरोपातून आलेले टायर वितळवत होते. विलायतेतले लाखो टायर असेच भारतातल्या भट्ट्यांत येतात, हे पुढे बीबीसीनं दाखवलं. कागदावर त्याला पुनर्वापर म्हणतात. बंदरातून वाड्याला जाणारा ट्रक आपल्या अंबाडी नाक्यावरून जात असणार, आणि आपल्याच खड्ड्यांत आपटत असणार.

"तिकडे तेल नको म्हणून सूप ओततात, आणि इकडे त्यांच्याच टायरचं तेल निघतं," काकी म्हणाल्या. "त्या पोरींचं काही चुकत नाही गं. त्यांना वाडा माहीत नाही, एवढंच."

"मग काकी, आधी काय? झाडं, तेल, की खड्डा?"

त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. काकी निरूपणाच्या बैठकीला जाणाऱ्या. 2023 च्या एप्रिलात खारघरला बैठकीच्या गुरूंच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्याला गेल्या होत्या. भर उन्हात लाखो माणसं बसलेली. 14 जण त्या उन्हानं गेले. त्या दिवसाविषयी काकी एरवी चकार शब्द काढत नाहीत.

"पृथ्वी तापते हे मला पोस्टरवरून नको सांगू," एवढंच म्हणाल्या. मग पदर खोचला. "आधी काय नि मग काय, ज्याला रांग लावायला वेळ आहे त्यानं लावावी. तुझी पोरगी आहे का घरात?"

"आहे. का?"

"तिला म्हणावं, एक पुठ्ठा दे लिहून. इंग्रजीत नको, तहसीलदाराला कळेल असं. टायरच्या धुराचं लिही मोठ्या अक्षरात."

"आणि खड्ड्याचं?"

"ते मागल्या बाजूला. आपण पुढे गेल्यावर मागचा काय वाचणार?"

पोरगी म्हणाली, पुठ्ठा मिळेल, पण काठी नाही. काकींनी बघता बघता कुंपणातला एरंड मोडला. माझ्या बाजूचा.