रेडिएटरचा पंखा कोणाच्या हवाली करावा?

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी ज्यांच्या पार्किंगमध्ये कव्हर ओढून उभी आहे, अशा भाग्यवंतांसाठी हे मार्गदर्शन आहे. या गाडीचा मूळ पंखा पट्ट्यावर चालतो. हायवेवर वारा फुकट मिळत असताना तो जीव तोडून फिरतो आणि सिग्नलला, खरी गरज असते तेव्हा, इंजिनाबरोबर रेंगाळतो. म्हणून सुज्ञ मालक विजेवरचा पंखा बसवतो. मग प्रश्न येतो, तो चालू-बंद कोणी करायचा?

सर्वांत लोकप्रिय कंट्रोलर गॅरेजमध्ये फुकट मिळतो. त्याचं नाव ‘डायरेक्ट’. “साहेब, डायरेक्ट करून देतो, डोक्याला ताप नको,” म्हणत मिस्त्री दोन वायरी जोडतो. चावी फिरवल्यापासून काढेपर्यंत पंखा गरगरत राहतो. डोक्याचा ताप जातो, इंजिनाचाही जातो. थंडीच्या सकाळी ते धड गरमच होत नाही, कारण थर्मोस्टॅट मिस्त्रीने मागच्याच खेपेला काढून फेकलेला असतो.

स्वाभिमानी माणूस डॅशबोर्डवर बटन बसवून घेतो. इथे कंट्रोलर तुम्ही स्वतः. खंबाटकी चढताना मागच्या सीटवर भडंगाचा डबा उघडेपर्यंत ही व्यवस्था निर्दोष चालते.

थर्मोस्विच मात्र खाण्यापिण्यात रमत नाही. तो रेडिएटरच्या टाकीत आट्यांवर बसतो, समजा 92 अंशांना पंखा लावतो आणि 87 ला बंद करतो. घेण्याआधी थर्मोस्टॅट किती अंशांना उघडतो ते पाहा. तो 88 चा असताना 82 चा स्विच गरम पाण्याच्या बाजूला लावलात, तर पंखा थांबायचं नाव घेणार नाही. पैसे मोजून ‘डायरेक्ट’च घेतलंत म्हणायचं.

पंख्याचा सगळा करंट या नाजूक स्विचमधून नेऊ नका. पंखा चालताना दहा-पंधरा अँपिअर खातो, उठताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. मध्ये 40 अँपिअरचा रिले हवा, बॅटरीजवळ फ्यूज हवा. रिलेच्या 30 नंबरच्या पायाला बॅटरी, 87 ला पंखा, 85 आणि 86 स्विचच्या बाजूला. मधोमध ‘87ए’ असा पाचवा पाय दिसला तर ओळख वाढवू नका. रिले झोपलेला असताना तो जागा असतो. चुकून तिथे जोडलात, तर पंखा थंड इंजिनावर इमानेइतबारे फिरेल आणि पाणी तापलं की शांतपणे थांबेल.

खुंटी फिरवून तापमान ठरवायचा प्रकारही मिळतो. त्याची सळई रेडिएटरच्या जाळीत खुपसायची असते, त्यामुळे तिला पाण्याची खबर जाळीमार्फत, म्हणजे ऐकीव मिळते. शिवाय बॉनेट उघडं दिसलं की प्रत्येक मित्राला ती खुंटी थोडीशी फिरवावीशी वाटते.

वेग हळूहळू वाढवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर सर्वांत शहाणा आणि सर्वांत महाग. त्यावर पंखा दचकून उठत नाही, हेडलाइट मिचकावत नाहीत. दुकानदाराला एकच विचारा: सेन्सरची वायर तुटली तर पंखा लागतो की बंद पडतो? ‘लागतो’ म्हणाला तरच पाकीट काढा. “आमची वायर तुटतच नाही हो,” म्हणाला तर चहा पिऊन निघा.

आणि गाडीत अजून डायनॅमोच असेल, तर तूर्तास कुठलाच घेऊ नका. सिग्नलला उभं असताना डायनॅमो जवळजवळ काहीच वीज देत नाही; पंखा बॅटरी पिऊन टाकेल. आधी अल्टरनेटर बसवा. त्याला ब्रॅकेट लागेल, ब्रॅकेटला लेथवाला लागेल, लेथवाला गावाला गेलेला असेल. पंख्याचं पुढच्या उन्हाळ्यात बघू.