सुटा हायलायटर मिळेल का?

माझी तक्रार लहान आहे, पण खरी आहे. फिकट रंगाचे हायलायटर विकत घेणं आपल्याकडे विनाकारण अवघड करून ठेवलं आहे. वस्तू चांगली आहे, दुकानात आहे, पैसे द्यायची माझी तयारी आहे. तरीही जो रंग आणि जशी शाई हवी तोच पेन हातात पडेल याची खात्री नाही. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना इतिहास शिकवते. दिवसभर त्यांच्या नोट्स नजरेखालून जातात आणि रात्री माझी रोजनिशी असते. हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नाही, रोजच्या कामाचा आहे.

आधी भडक रंगांविषयी. मजकुरावरून ओढला तरी अक्षरं वाचता येतील असा पेन 1963 मध्ये अमेरिकेतल्या कार्टर्स इंक कंपनीनं ‘हाय-लायटर’ या नावानं आणला. 1971 मध्ये जर्मनीतल्या श्वान-स्टॅबिलोचा ‘स्टॅबिलो बॉस’ आला आणि फ्लोरोसंट पिवळा अभ्यासाच्या टेबलावर कायमचा बसला. फ्लोरोसंट शाईतले रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळा प्रकाश शोषून घेतात आणि तीच ऊर्जा पिवळ्या-पोपटी उजेडाच्या रूपात बाहेर टाकतात. त्यामुळे तो पट्टा शेजारच्या पांढऱ्या कागदापेक्षाही उजळ दिसतो. अख्ख्या पानात एकच शब्द उठवायचा असेल तर याहून उत्तम काही नाही.

पण आमची मुलं एकच शब्द उठवत नाहीत. लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक ती अनेकदा वाचतात आणि प्रत्येक वाचनात नवे पट्टे ओढतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, डोक्यावर पांढरा दिवा, समोर पोपटी, नारिंगी आणि गुलाबी रंगांनी पेटलेलं पान, आणि बैठक चार-पाच तासांची. संध्याकाळी मुलं डोळे चोळत बाहेर येतात. फिकट रंगाची गरज तिथे आहे. फिकट पट्टा खूण दाखवतो आणि मागे राहतो, अक्षर पुढे येतं. जपानच्या झेब्रा कंपनीच्या ‘माइल्डलायनर’नं हे जगभरातल्या विद्यार्थ्यांना पटवलं. त्याच्या एका टोकाला रुंद तिरपी निब असते, दुसऱ्या टोकाला बारीक. स्टॅबिलोनंही पेस्टल रंग काढले. आता आपल्याकडच्या कंपन्याही तसे पेन बनवतात. म्हणजे माल आहे. त्रास सुरू होतो तो दुकानाच्या काउंटरपासून.

पहिला त्रास सेटचा. ‘सुटा नाही मिळणार, पाकीट घ्यावं लागेल.’ पाकिटात पाच किंवा सहा रंग. त्यातला फिकट पिवळा आणि पीच रोज लागतात, ते आधी संपतात. राखाडी आणि फिकट जांभळा तसेच पडून राहतात, आणि पिवळ्यासाठी पुन्हा अख्खं पाकीट घ्यावं लागतं. दर वेळी एक राखाडी आणि एक जांभळा घरात वाढतो. बॉलपेन सुटा मिळतो, पेन्सिल सुटी मिळते, खोडरबर सुटं मिळतं. हायलायटर सुटा न विकण्याचं एकही पटणारं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा त्रास टोपणाचा. टोपणाचा रंग आणि शाईचा रंग एक नसतो. टोपण प्लास्टिकचं, भरीव आणि अपारदर्शक. शाई पाण्यासारखी पातळ, कागदाचा पांढरेपणा मिसळूनच दिसणारी. टोपण पिस्ता रंगाचं असतं आणि कागदावर जवळजवळ काहीच उमटत नाही. टोपण अबोली असतं आणि पट्टा चक्क गुलाबी येतो. गिऱ्हाईक रंग पाहून वस्तू घेतो, आणि दाखवला जातो तो टोपणाचा रंग. शाईचा खरा पट्टा पेनावरच्या कागदी लेबलावर छापणं कंपनीला अजिबात जड नाही.

तिसरा त्रास चाचणीचा. अप्पा बळवंत चौकात जेल पेन घ्यायला गेलं तर काउंटरवर एक चिठोऱ्यांचा गठ्ठा असतो. त्यावर गोल गोल रेघोट्या मारायच्या, सही करून बघायची, पटला तर पेन घ्यायचा. ही चांगली रीत आहे. हायलायटर मात्र पाकिटात बंद. पाकीट फोडू देत नाहीत, आणि दुकानदाराच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. पण प्रत्येक सेटमधला एकेक पेन नमुना म्हणून उघडा ठेवता येतो. साडीच्या दुकानात घडी उलगडून दाखवतात, तेवढी सोय इथेही व्हावी.

आता घरी आल्यानंतरचं. सगळ्यात जास्त नुकसान होतं जेल पेन आणि हायलायटर एकमेकांना भिडतात तेव्हा. जेल पेनची शाई पाण्यातली असते, हायलायटरचीही पाण्यातली. समजा वहीत काळ्या जेलनं लिहिलं आहे, ‘प्लासी, 1757’. शाई नीट सुकलेली नाही. त्यावरून फिकट पिवळा ओढला की निब शेवटच्या 7 ची दांडी आपल्याबरोबर पुढे नेते. आकड्याच्या उजवीकडे राखाडी पिसारा फुटतो. तेवढ्यावर थांबत नाही. निबच्या कडेला काळं चिकटतं, पिवळा मळकट शेवाळी होतो, आणि खालच्या ओळीतल्या ‘बक्सार, 1764’ वर तोच मळका पट्टा उमटतो. फ्लोरोसंट पिवळ्यात हा डाग थोडा तरी दबतो. फिकट रंगात तो सरळ दिसतो, कारण त्याला झाकणारं काहीच नसतं. मऊ रंग वापरणाऱ्यांनी म्हणूनच शाईकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

यावर उपाय आहेत आणि ते मी वर्गात सांगते. ज्या नोट्सवर रंग ओढायचा आहे त्या साध्या बॉलपेननं लिहा. त्याची शाई तेलातली असते, पाण्यातल्या शाईनं सहसा हलत नाही. जेलच हवा असेल तर लिहून झाल्यावर दुसरा विषय घ्या आणि पट्टे शेवटी ओढा. एकाच ओळीवरून दोनदा जाऊ नका. निब मळली तर लगेच कोऱ्या कागदावर चार रेघा ओढा, पुन्हा स्वच्छ रंग येतो. फाउंटन पेननं लिहिणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं, कारण त्या शाईचा रंग पाणी लागताच सुटतो. हे सगळं पाकिटावर दोन ओळींत लिहिता आलं असतं. पाकिटावर फुलं आणि ढग छापलेले असतात.

कागदाचंही तसंच. झेरॉक्सचा कागद साधारण 70 ते 80 जीएसएमचा असतो. स्वस्त लांबवहीचं पान त्याहून पातळ. त्यावर ओला हायलायटर ओढला की पट्टा मागच्या बाजूला दिसतो, आणि निब क्षणभर टेकून राहिली तर शाई आरपार जाते. मग मागच्या पानावर आपण न केलेल्या खुणा दिसतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कुठली खूण खरी हे शोधत बसावं लागतं. पातळ पानासाठी मेणासारख्या कांडीचे हायलायटर मिळतात. ते कोरडे असल्यामुळे आरपार जात नाहीत. रेघ थोडी जाड आणि ओबडधोबड येते, पण मागचं पान वाचतं. दुकानात ते मागितले तर बहुतेक वेळा लहान मुलांच्या खडूंच्या कप्प्यात सापडतात, कारण ते अभ्यासाला लागतात हे कुणाच्या ध्यानात नसतं.

मग येतो झेरॉक्स. पेठांमध्ये नोट्स एका हातातून दुसऱ्या हातात जातात त्या झेरॉक्सच्या रूपात. काळ्या-पांढऱ्या प्रतीत पिवळा सहसा नाहीसा होतो आणि अक्षर स्वच्छ राहतं. निळा, जांभळा आणि राखाडी मात्र करड्या डागासारखे उतरतात. ज्या मुलीनं मनापासून जांभळ्या पट्ट्यांनी नोट्स सजवल्या, तिच्या मैत्रिणीला मिळते ती डागाळलेली प्रत, आणि डाग नेमके महत्त्वाच्या वाक्यांवर. म्हणून वाटायच्या नोट्सना पिवळा किंवा फिकट पीच, आणि स्वतःपुरत्या वहीला हवा तो रंग, असा माझा नियम आहे. पाकिटातल्या राखाडी पेनाचा मला का राग येतो ते यावरून कळेल.

दिवाही पाहावा लागतो. घरातल्या पिवळसर दिव्याखाली कागदच पिवळा दिसतो, त्यात लोण्यासारखा फिकट पिवळा विरघळून जातो. दुकानात दुपारी निवडलेला रंग रात्री पलंगाशेजारच्या दिव्यात सापडत नाही. ज्या दिव्याखाली वाचता त्याच दिव्याखाली रंग ठरवा, एवढंच माझं सांगणं आहे.

रंग आणि अभ्यास यांचं नातं मी वाढवून सांगणार नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात पट्टे ओढणं आणि अधोरेखन करणं यांना कमी उपयोगाच्या गटात टाकलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा विभागून करणं यांना सर्वांत वर. हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते. यातून मी एवढंच घेते की पट्टा कमी ओढायचा, आणि जो ओढायचा तो कामाचा असला पाहिजे. तारखेला एक रंग, कारणांना दुसरा, आणि चाचणीत जे चुकलं त्याला तिसरा. तीन रंग पुरतात. सहा रंगांचं पाकीट सहा रंग वापरायला लावतं, आणि पान अखेर इंद्रधनुष्य होतं.

रोजनिशीतही हेच. रायडर कॅरल यांनी 2013 मध्ये ‘बुलेट जर्नल’ ही नोंदी ठेवण्याची पद्धत लोकांपुढे मांडली, तेव्हा तिला लागत होतं एक पेन आणि एक वही. आता तिच्यात कामाला ठिपका असतो, घटनेला गोल, टिपणाला आडवी रेघ. रंग नंतर लोकांनी आणले, आणि मला ते आवडतात. आईच्या औषधांच्या नोंदी मी फिकट निळ्यात ठेवते, पैशांच्या पिवळ्यात. दोन महिन्यांपूर्वीची रक्तदाबाची नोंद डॉक्टरांनी विचारली की पान उलटताच सापडते. पण वही खिडकीशी उघडी ठेवू नका. उन्हानं हे रंग उडतात. आणि दोन टोकांचे पेन आडवे ठेवा. उभे ठेवले की शाई खालच्या टोकाकडे उतरते आणि वरची निब कोरडी पडते.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. हायलायटर सुटे विकावेत. पेनावर शाईचा खरा रंग छापावा. बनवल्याची तारीख दिसेल अशी टाकावी, म्हणजे आधीच सुकलेला पेन गळ्यात पडणार नाही. पुन्हा भरता येणारे पेन जास्त ठेवावेत. रिकामी प्लास्टिकची नळी फेकताना वाईट वाटतं. आणि काउंटरवर एक उघडा नमुना आणि एक कोरा कागद असावा.

वाचकांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी दुकानात गेलात की पाकीट उचलण्याआधी सुटा हायलायटर मागा. नाही म्हणाले तरी त्यापुढच्या वेळी पुन्हा मागा. दुकानदार माल भरतो तो मागणी पाहून, आणि या मालाची मागणी आजवर कुणी मोठ्यानं केलेली नाही.