रिकाम्या कॅमेऱ्यापुढचा मॅकबेथ

१९१६ साली शेक्सपिअरला जाऊन तीनशे वर्षं झाली. थोरांची पुण्यतिथी आली की काहीतरी भव्य करावंच लागतं, मग हॉलिवूड मागे कसं राहील? ट्रँगल कंपनीने 'मॅकबेथ' काढायचं ठरवलं आणि नायक थेट लंडनहून मागवला, सर हर्बर्ट बीअरबोम ट्री. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रंगमंचावर जिवंत ससे सोडणारा हा गृहस्थ! हयात संवाद म्हणण्यात गेलेला नट, बिदागी घसघशीत आणि सिनेमा मूक. याला म्हणतात नियोजन.

सांगतात ते असं, की साहेब एकही ओळ गाळायला तयार नव्हते. स्वगत सुरू झालं की संपायचं नाव नाही, आणि इकडे फिल्म फुटाफुटाने खर्ची पडतेय. शेवटी कॅमेरामनने दुसरा कॅमेरा मांडला. आत फिल्मच नाही! साहेब कंठशोष करताहेत आणि हा पठ्ठ्या इमानेइतबारे हँडल फिरवतोय. खटखट ऐकू आली, कलावंत तृप्त. (आपल्याकडच्या सत्कार समारंभांना असा एक कॅमेरा सक्तीचा करावा.)

सिनेमा सपशेल पडला. पुढे बोलपट आले आणि मुक्या रिळांना कोणी विचारेना. नायट्रेटची फिल्म ती. ठेवली तर सडते, पेटली तर विझत नाही, गाळली तर चांदी निघते. धंदेवाल्यांनी बहुतेक ठिकाणी काय पसंत केलं, ते सांगायला नकोच.

'मॅकबेथ'ची आठ रिळं आज कुठेही नाहीत आणि नाहीत म्हणूनच त्यांचा भाव वधारलाय. तेव्हा प्रेक्षकांनी पाठ फिरवली, आता अभ्यासक हळहळतात. उणीदुणी काढायला प्रत तर हवी! याच ट्रीसाहेबांनी १८९९ साली 'किंग जॉन'मधला मृत्यूचा प्रसंग कॅमेऱ्यापुढे केला होता. तो जेमतेम मिनिटभराचा तुकडा मात्र शाबूत आहे.

साहेबाला हसण्याआधी जरा घरात डोकवा. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, उरले तिसाच्या आतबाहेर, त्यातलेही कित्येक तुकड्यांत. जपून ठेवलेली बरीच नायट्रेट रिळं २००३ साली पुण्यातल्या कोठाराला लागलेल्या आगीत गेली.

तेव्हा माळ्यावर पणजोबांचा गंजका, चपटा, गोल डबा सापडलाच, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन लावा. आणि त्यांचा माणूस येईपर्यंत डब्याजवळ काडी ओढू नका.