बदलीपात्र बालके

मे-जून म्हणजे महाराष्ट्रात बदल्यांचा हंगाम. तहसीलदार, गटविकास अधिकारी, फौजदार, सगळे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत असतात. कोणाला पुणं हवं असतं, कोणाला गडचिरोली नको असते, कोणाची सासू नेमकी याच महिन्यात अंथरूण धरते. या गडबडीत राज्यातली सगळ्यात मोठी बदली मात्र दरवर्षी बिनबोभाट पार पडते. म्हणजे बोभाटा होतो, पण तो शाळेच्या फाटकापाशी होतो आणि बोभाटा करणाराचं वय लक्षात घेऊन त्याची दखल घेतली जात नाही.

ही बदली साडेपाच-सहा वर्षांच्या नागरिकांची. अंगणवाडी, बालवाडी, सिनियर केजी किंवा थेट आजीची मांडी, येथून इयत्ता पहिली, येथे. यात पसंतिक्रम विचारत नाहीत. पती-पत्नी एकत्रीकरणासारखी माय-लेकरू एकत्रीकरणाची सवलत नाही. अन्याय झाला म्हणून मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येत नाही. रुजू व्हायला अवधीही मिळत नाही. काल कार्यमुक्त, आज हजर, आणि घंटा झाली की हाताची घडी, तोंडावर बोट.

पात्रतेचा नियम सोपा आहे. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. म्हणजे ऐन नाताळात जन्मलेलं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी साडेपाचचं असलं तरी सरकारी हिशेबात सहाचं. त्याच्यापेक्षा आठवडाभराने लहान असलेलं, १ जानेवारीचं मूल मात्र वर्षभर थांबणार. साडेपाच बरोबर सहा, हा पहिलीच्या गणिताचा पहिला धडा. तो मुलांना शिकवत नाहीत, मुलांवर करून दाखवतात.

खरी गोम खातेबदलात आहे. कित्येक गावांत अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात असतात, मधे फार तर एक चिंचेचं झाड. पण झाडापलीकडे पाऊल पडलं की मूल महिला व बालविकास खात्यातून शालेय शिक्षण खात्यात जातं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून ही सरहद्द शाबूत आहे. तीन वर्षांत अंगणवाडीताईला बरंच काही कळलेलं असतं. हा डावखुरा आहे, ही बोलायला वेळ लावते पण सगळं समजतं, याचा बाप गेल्यापासून हा चावतो. हे सगळं ताईच्या डोक्यात राहतं. उंची आणि वजन तिने पोषण ट्रॅकरमध्ये भरलेलं असतं. ‘चावतो’ हे भरायला रकाना नाही. झाडापलीकडच्या गुरुजींना ते मनगटावर कळतं.

दोन्ही खात्यांना वजनाची मात्र सारखीच काळजी. अंगणवाडीत मुलाचं वजन करतात, शाळेत दप्तराचं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असा नियम आहे. मूल वीस किलोचं धरलं तर दप्तर दोन किलो. हा नियम पाळायचे दोन मार्ग: दप्तर हलकं करायचं किंवा मूल जड करायचं. पालक दुसरा मार्ग पत्करून मोठा डबा देतात. डबा दप्तरातच असतो. आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत दप्तराच्या ओझ्यावर भाषण केलं, यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता चाळिशीला टेकली आहेत आणि रोज सकाळी आपापल्या मुलांची दप्तरं फाटकापर्यंत वाहतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मधलं चिंचेचं झाड कागदावर तोडलं. तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर. पहिली-दुसरी त्याचाच शेवटचा तुकडा. आता दोन खात्यांनी एकत्र बसायचं आहे. खुर्च्या कोणत्या खात्याने आणायच्या, एवढंच ठरायचं आहे. धोरण असंही सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे शाळेच्या हाती मूल येतं तेव्हा पंधरा टक्क्यांचंच काम उरलेलं असतं. त्या पंधरा टक्क्यांना वेतन आयोग आहे. पंच्याऐंशी टक्के सांभाळणाऱ्या ताईला वेतन नाही, मानधन आहे, आणि ते वाढावं म्हणून राज्यातल्या अंगणवाडी सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर बसल्या, त्या जानेवारी संपत आला तेव्हा उठल्या.

शहरातल्या खासगी उमेदवाराची वाट वेगळी. त्याचा निरोप समारंभ थाटात होतो. सिनियर केजीच्या शेवटी त्याला काळा झगा आणि गोंड्याची टोपी घालून गुंडाळी केलेली पदवी देतात. झग्यात पाय अडकून पदवीधर व्यासपीठावर पडतो आणि आई एका हाताने त्याला उठवत दुसऱ्या हाताने चित्रीकरण चालू ठेवते. ही पदवी घेऊन त्याला फक्त शेजारच्या इमारतीत जायचं असतं. पण शेजारच्या इमारतीची फी वेगळी आणि आत घेण्याआधी तिथे ओळख करून घेतात. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ची मनाई आहे. पहिल्या खेपेला २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक खेपेला ५० हजारांपर्यंत. त्यामुळे चाचणी कोणीही घेत नाही. ‘इंटरॅक्शन’ घेतात. त्यात मुलाला सफरचंदाचा रंग विचारतात आणि वडिलांना कंपनीचं नाव. मुलाने हिरवा सांगितला तर एक वेळ चालतं. वडिलांनी ‘सध्या शोधतोय’ सांगितलेलं चालत नाही.

रुजू झाल्यावर आठवडाभरात उमेदवाराला कळतं की आपली पदावनती झाली आहे. सिनियर केजीतला सिनियर एका रात्रीत अख्ख्या शाळेतला ज्युनिअर झालेला असतो. तिकडे गोल करून बसायचे, इकडे रांगेत पुढच्याचं डोकं बघत. तिकडे गाणं सुरू झालं की उठून हातवारे करायचे, इकडे उठलं की ‘खाली बस’. तिकडे शू लागली की जायचं. इकडे करंगळी वर करून अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत प्रकरण बरेचदा परस्पर निकाली निघतं. नोंद चड्डीवर होते. मनगटाची हाडं अजून पुरती टणकही झालेली नसतात, त्या हाताने दोन रेघांत ‘क’ बसवायचा. ‘क’चं पोट रेघेबाहेर आलं की लाल शाई.

हा बदल जड जाऊ नये म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘विद्या प्रवेश’ आणला. पहिलीचे पहिले तीन महिने खेळातून तयारी. कल्पना उत्तम आहे, फक्त महिने जून, जुलै आणि ऑगस्ट आहेत. जूनमध्ये प्रवेशोत्सव असतो. मुलांना फुगे देऊन सजवलेल्या बैलगाडीतून मिरवतात. गाडीतलं मूल रडत असतं, पण छायाचित्रात फुगा तोंडावर येतो. जुलैमध्ये गुरुजी ऑनलाइन माहिती भरतात. ऑगस्टमध्ये तीच माहिती नव्या नमुन्यात भरतात. मतदार यादीचं काम निघालं तर तेही त्यांचंच. एका खोलीत पहिली ते चौथी असेल तर पहिलीच्या खेळाचा गलका चौथीच्या भागाकारात जातो. इतक्यात गणपती येतात, गणपतीला मामा येतात, आणि आरती संपायच्या आत विचारतात, “काय रे, बाराखडी येते का?” धोरणाचा निकाल तिथे लागतो.

भाषेच्या बाबतीत तर बोलायलाच नको. नंदुरबारच्या पाड्यावरचं मूल घरी पावरी नाहीतर मावची बोलतं, मेळघाटातलं कोरकू, डहाणूतलं वारली. पुस्तकातली मराठी त्याला परकीच. ते गप्प बसतं, आणि गप्प मूल शिस्तीचं म्हणून सगळ्यांसमोर त्याचं कौतुक होतं. अशा मुलाला एक भाषा कमी पडेल, ही चिंता सरकारला २०२५ मध्ये लागली. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही अनिवार्य तिसरी भाषा झाली. १६ जूनला विदर्भ सोडून बाकीच्या शाळा भरल्या. १७ जूनला सुधारित निर्णय निघाला. ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान वीस इच्छुक असावेत. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. पहिलीतल्या मुलाला नोकरीच्या दुसऱ्या दिवशी मिळालेली भाषा पंधरवडा संपायच्या आत परत गेली, आणि त्याला अजून पाण्याची टाकी कुठल्या बाजूला आहे ते कळायचं होतं. ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. महाराष्ट्राच्या राजकारणावर पहिलीच्या वर्गाचा इतका परिणाम आजवर झाला नव्हता. शनिवार होता, त्यामुळे ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो दुपारी घरी झोपला होता.

याच महाराष्ट्रात पूर्वी बदलीचं धोरण उलटं होतं. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी मुलांची हजेरी घेण्याऐवजी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरांमागे जाऊ लागली म्हणून शाळा कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. बदली होत होती ती शाळेची. मुलं होती तिथेच होती. सरकारने या कार्याचा यथोचित गौरव केला. ताराबाईंना पद्मभूषण दिलं, अनुताईंना पद्मश्री दिली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव स्वतः घेतलं. पद्धत तेवढी मूळ मालकिणींकडे राहू दिली.

अलीकडे, २०२२ पासून, राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान चालतं. मेळावा भरतो, टेबलं मांडतात. मूल एका पायावर उड्या मारतं, चित्र बघून बोलतं, लहान-मोठं लावतं, आणि त्याच्या हाती विकासपत्र पडतं. आया गट करून बसतात आणि घरी काय करून घ्यायचं ते शिकतात. खोटं कशाला बोला, सरकारी उपक्रमांत हा बरा आहे. आमची दुरुस्ती एवढीच की टेबलाच्या पलीकडच्या बाजूचीही तयारी एकदा तपासावी. पहिलं पाऊल टाकण्याचा मान शाळेला द्यावा. उपक्रमाचं नाव ‘मूलपूर्व तयारी मेळावा’. परीक्षक, गावातली समस्त साडेपाच वर्षांची मंडळी.

शारीरिक विकासाच्या टेबलावर शाळेने नळ सोडून दाखवावा. संडासाची कडी परीक्षकाच्या हाताला पुरते का, हे परीक्षक स्वतः आत जाऊन बघतील. बाकावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का, तेही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा फेब्रुवारी २०२४ चा आदेश आहे. तर मग रिक्षावाले काका सातला खाली हॉर्न का वाजवतात, याचा खुलासा शाळेने एका पायावर उभं राहून करावा.

बौद्धिक विकासाच्या टेबलावर मुख्याध्यापकांना चिंचोके, बटणं आणि बाटल्यांची झाकणं देऊन पाच मिनिटांत खेळ तयार करायला सांगावं. ‘याचं बिल कोणत्या शीर्षाखाली लावायचं?’ असा प्रश्न आल्यास शेरा द्यावा: मदतीची गरज आहे.

सामाजिक-भावनिक विकासाच्या टेबलावर एक परीक्षक भोकाड पसरेल. शाळेने उपाय योजावा. ‘पोलीसकाका येतील’ याला शून्य गुण. शेजारच्या अंगणवाडीतल्या ताईला हाक मारली तर पैकीच्या पैकी. हाक मारण्याआधी गटशिक्षणाधिकारी आणि बालविकास प्रकल्प अधिकारी या दोघांची लेखी परवानगी मागितली तर अर्धे.

भाषेच्या टेबलावर परीक्षक ‘मला घरी जायचंय’ हे वाक्य कोरकूत, पावरीत, वारलीत म्हणतील. शाळेला ते कळलं पाहिजे. गणनपूर्व तयारीत एकच उदाहरण: मुलं चाळीस, इयत्ता चार, बाई एक; तर एका मुलाच्या वाट्याला किती बाई? कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असल्यास उरलेली मुलं कुठे गेली? उत्तर चिंचोके मांडून दाखवावं.

शेवटचं टेबल पालकांचं. वडिलांना डाव्या हाताने दोन रेघांत पानभर ‘क’ काढायला लावावा, डावखुऱ्या वडिलांना उजव्या. ते काढत असताना शेजारच्या वडिलांचा ‘क’ कसा मोत्यासारखा आला आहे हे आईने चारचौघांत मोठ्याने सांगावं.

मेळावा संपला की विकासपत्रं भरली जातील. बहुतेक शाळांच्या पत्रावर एकच शेरा येईल: तयारी अपुरी, आणखी वर्षभर बालवाडीत बसवावं. पण शाळांनी घाबरून जायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिलीत कोणालाच नापास करता येत नाही, त्यामुळे त्यांनाही नियमाप्रमाणे वरच्या वर्गात ढकललं जाईल.