पोर्शन राहिला तो राहिलाच

खामगावात आम्ही कॉलेजला होतो तेव्हा प्राध्यापकांचे दोन प्रकार असत. एकांचा पोर्शन जानेवारीत संपायचा आणि मग ते रिव्हिजन घ्यायचे. दुसऱ्यांचा कधीच संपायचा नाही. पहिल्या प्रकारच्या सरांमुळे आम्ही पास झालो, हे खरं. पण आज त्यांचे चेहरेसुद्धा नीट आठवत नाहीत. कृतघ्नपणा म्हणा हवं तर.

मराठीचे सर दुसऱ्या प्रकारातले. त्यांना विषयावरून उतरवायचं तंत्र आमच्या आधीच्या बॅचने आम्हाला वारशात दिलं होतं. सरांनी भाषाशास्त्र काढलं की मागच्या बाकावरून कुणीतरी अगदी भोळा चेहरा करून विचारायचं, "सर, नाघंनी वकिली कायले केली असन?" झालं! पुस्तक मिटायचं, चष्मा टेबलावर यायचा आणि सर मेहकरला पोचायचे.

ना. घ. देशपांडे म्हणजे आमच्या जिल्ह्याचे कवी. जन्म 1909 चा, शेंदुर्जनचा, वकिली मेहकरात. त्यांची 'शीळ' गो. ना. जोशींनी तबकडीवर गायली आणि घरोघर पोचली. संग्रह मात्र निघाला थेट 1954 मध्ये. गाणं म्हातारं होत आलं तरी पुस्तक नाही! सरांना या दिरंगाईचं विलक्षण कौतुक. आमच्या ट्यूटोरिअल वह्या महिनाभर त्यांच्या कपाटात पडून राहत. आठवण केली की म्हणत, "नाघंनी घाई केली होती का?" हेच उत्तर आम्ही वह्या उशिरा देताना वापरलं, तेव्हा मात्र चाललं नाही.

भूगोलाच्या सरांचं दुखणं वेगळं. त्यांना पृथ्वीच्या पाठीवरचा कुठलाही धडा लोणारला नेऊन सोडायची सवय होती. आल्प्स शिकवायला घेतला की तासाच्या शेवटी आम्ही लोणारच्या काठावर. सरोवराच्या विवराचा सुमारे 1.8 किलोमीटरचा व्यास ते हात पसरून दाखवत. आधी तो ज्वालामुखीचा प्रताप समजत, पण प्रचंड आघाताशिवाय बनत नाही अशी काच तिथल्या बेसॉल्टात सापडली आणि 1973 मध्ये उल्केच्या बाजूने निकाल लागला, हे सांगताना ते खटला स्वतः जिंकल्यासारखे दिसत.

एकदा सहलीच्या एसटीत हे दोघे शेजारी बसले. घाट चढेपर्यंत शांतता होती. (घाटाखालच्या माणसाला घाटावर जाताना जरा गंभीर व्हावंच लागतं.) मेहकरला मराठीच्या सरांनी गाडी थांबवायला लावली. दाखवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. "हेच ते मेहकर," एवढं म्हणून ते कौतुकाने रस्त्याकडे बघत राहिले. आम्ही चहा पिऊन घेतला.

लोणारला काठावर उभं राहून भूगोलाच्या सरांनी उल्का पाडली. मराठीच्या सरांनी लगेच लवणासुराची कथा काढली: विष्णूने त्याच्या भुयारावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. पुढचा तास दोघे भांडले आणि आम्ही डबे सोडले. शेवटी दैत्यसूदनाच्या देवळात तडजोड निघाली. दोघांचाही आरोपी वरूनच खाली आलेला होता, एवढ्यावर एकमत झालं.

मधल्या काळात 1983 उजाडलं, अमरावती विद्यापीठ निघालं. नागपूर विद्यापीठात शिरलेले आम्ही जागचे न हलता अमरावतीतून बाहेर पडलो. मराठीच्या सरांनी या बदलाचं मनापासून स्वागत केलं. अर्धवट राहिलेल्या पोर्शनवर बोट ठेवलं की ते म्हणायचे, "नव्या विद्यापीठात हे असेलच असं नाही." ते होतं. परीक्षेतही आलं. आम्ही त्या प्रश्नाच्या उत्तरात नाघ लिहून आलो.

1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार नाघंच्या 'खूणगाठी'ला मिळाला, तेव्हा मी बँकेत चिकटलो होतो. योगायोगाने वर्गातलाच एक मित्र शेजारच्या काउंटरला होता. पेपर त्याच्यासमोर धरला. त्याने बातमी वाचली, समोरच्या माणसाची नोटांची थप्पी मोजून पूर्ण केली आणि म्हणाला, "आता वर्षभर सरांच्या वर्गात कोणी वही उघडत नाही बघ."